एका माणसापुरती फटफटी

आमच्या दादाला जगात एकच गोष्ट पाहायची होती, ती म्हणजे रेशमाचा किडा.

कोणाला काशी पाहायची असते, कोणाला ताजमहाल. दादाचं आपलं भलतंच. मागावर बसू लागल्यापासून लुगड्यांच्या काठांना लागणारं पांढरं, मऊ रेशीम तो गांधीबागेतल्या व्यापाऱ्याकडून आणत होता. लडीला बांधलेल्या चिठ्ठीवर गोलगोल अक्षरं असत आणि ती त्या दुकानात कोणालाच वाचता येत नसत. म्हैसूरकडून येतं, एवढंच व्यापारी सांगे. आपल्याकडचा जंगलातला कोसा, म्हणजे रानरेशीम, दादाला ठाऊक होता. पण हे किडे म्हणे घरात, टोपल्यांत, लेकरांसारखे पाळतात आणि रात्रंदिवस त्यांना पाला चारतात. "घरात किडे पाळते, म्हणजे का माणूस असन गा तो!" असं म्हणून तो हसायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा तोच विषय काढायचा.

मी शिकलो आणि शाळेत मास्तर झालो. घरात माग एक आणि भाऊ दोन. एकजण बसून राहिला म्हणून दुसऱ्याला उठता आलं. बसला तो दादा. हे कोणी कधी बोलून दाखवलं नाही, दादानं तर मुळीच नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त टोचायचं. बोलला असता तर कडकडून भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

म्हणून ज्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत फटफटीवरून दक्षिणेत जायचं माझ्या डोक्यानं घेतलं, त्या वर्षी मी मोठ्या रुबाबात त्याला म्हणालो, "दादा, चल माह्यासंगं. तुले तुहा किडा दाखवतो." तो इतक्या लगेच हो म्हणाला, की मलाच जरा धसका बसला.

फटफटी मात्र अजून घ्यायची होती. सदर भागात एका मिस्त्रीच्या आवारात लष्करानं मोडीत काढलेल्या आणि इकडून तिकडून आलेल्या जुन्या गाड्या उभ्या असत. आम्ही एका रविवारी गेलो. दादा परीटघडीचं धोतर नेसला होता, जसं काही आम्ही मुलगी पाहायलाच निघालो होतो.

तिथं एक मोठी लष्करी गाडी होती, साइडकार जोडलेली. दादा तिच्याभोवती फिरला, हात लावला आणि मला काही न विचारता साइडकारमध्ये उतरून बसला. "अरे, हा तं आपला खड्डाच आहे!" तो ओरडला. आमचा माग खड्ड्याचा. जमिनीवर बसायचं, पाय खाली खड्ड्यात सोडायचे आणि तिथल्या पट्ट्या आळीपाळीनं दाबायच्या. आयुष्य त्या बैठकीत गेलेलं. साइडकारमध्ये पाय लांब केल्याबरोबर ते आपोआप हलू लागले, उजवा, डावा, उजवा, डावा. मिस्त्री हसला, मीही हसलो. दादा खालूनच म्हणाला, "इथं बसून तं मी विलायतेले बी जाईन."

मग मिस्त्रीनं त्या गाडीची कुंडली सांगितली. पेट्रोल ढोसते. टायर आता मिळत नाहीत, वाटेत फाटला तर गाडी तिथंच सोडून यायची. शेजारी दुसरी होती, लहानशी, हलकी, सायकलची थोरली बहीण म्हणावी अशी. बैठक एकच, मागे पेटी बांधण्यापुरतं कॅरिअर. माझ्या पगाराला झेपेल अशीही तीच होती.

"मागे माणूस बसला तर?" मी विचारलं.

"बसवा ना, गुरुजी. पण चढावर एकाले उतरा लागन."

घरी येऊन मी दादाला सगळं समजावून सांगितलं, फळ्यावर गणित सोडवावं तसं. किंमत, पेट्रोल, टायर, घाट. तो मान डोलवत राहिला. माझी सगळी कारणं खरी होती. एखादं जरी खोटं असतं तरी मी स्वतःला चार शिव्या घालून सुटलो असतो. जे सांगितलं नाही ते इतकंच, की त्या लहान गाडीवर आवारात एक चक्कर मारली तेव्हा मला जन्मात पहिल्यांदा वाटलं, मागे कोणी नाही. मला कोणी शिकवलेलं नाही, माझ्यासाठी कोणी खड्ड्यात बसलेलं नाही. इतकं हलकं वाटलं, की माझी मलाच लाज वाटली.

लहानच घेतली. दादानं कॅरिअरवर तळहात दाबून पाहिला. "गोधडी बांधू. होते."

आमच्या घरचा एक रिवाज होता. मागावर उभ्या सुताचा ताणा चढलेला असेल तोवर विणणाऱ्यानं गाव सोडायचं नाही. अर्धवट लुगडं मागे टाकून जाणं म्हणजे जेवणाऱ्याला ताटावरून उठवणं. त्यामुळे दादानं हात भराभर चालवला, पहाटेपासून बसून मागावरचा ताणा संपवला आणि नवा चढवलाच नाही. तसाही तो मंदीचा काळ होता, लग्नसराईचं काम उरकलेलं होतं. रिकामा माग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. घर इतकं गप्प झालं, की वहिनी सारखी उठून दाराकडे बघायची.

निघण्याआधी एकदा बसून तर पाहू म्हणून मी दादाला मागे घेऊन लकडगंजाकडे निघालो. रस्ता सपाट होता तोवर तो लहान मुलासारखा खूश होता. पुलाचा चढ आला आणि गाडी धापा टाकू लागली. मी तोंडानं "च्" केलं. ते गाडीला होतं, असं मी आजही शपथेवर सांगेन. दादानं ते ऐकलं आणि चालत्या गाडीवरून पाय खाली टेकून हळूच उतरला. गाडीनं एकदम वेग घेतला. थांबलो तर बंद पडेल, असं मनाशी म्हणत मी पुलाच्या माथ्यापर्यंत गेलो. मागे वळून पाहिलं तर तो धोतराचा सोगा धरून भर उन्हात चढ चढत होता. वर आल्यावर म्हणाला, "मस्त आहे गाडी."

दोन-चार दिवसांनी सकाळी मी पेट्रोल भरून आलो तो गल्लीतच अडलो. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं होतं. एका बाजूनं दादा आणि दुसऱ्या बाजूनं वहिनी, लांब कुंचल्यानं त्याला पेज लावत होते. नवा ताणा.

"दादा, हे काय करून राहिला?"

"व्यापाऱ्याचं घाईचं काम निघालं गा," तो सुतावरची नजर न उचलता म्हणाला. "आता मले हालता नाई येत. तू जा."

"कोनता व्यापारी?" वहिनी म्हणाली. दादानं तिच्याकडे पाहिलं. तिचा कुंचला थोडा थांबला आणि पुन्हा चालू झाला.

मला सगळं कळलं. मी नको म्हणायच्या आत त्यानं स्वतःलाच बांधून घेतलं होतं, आणि अशा दोरीनं की तिला आमच्या घरात कोणी हात लावणार नाही. हा ताणा उतरेपर्यंत मी थांबतो, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य अगदी ओठांवर आलं. आणि मी म्हणालो ते असं, "मंग गोधडी काढून ठेवू का?"

"राहू दे. वाटेत तुलेच कामी येईन."

मी गेलो. उन्हानं भाजलो, दोनदा पंक्चर झालो, म्हैसूरकडच्या एका खेड्यात रेशीमवाल्यांचं एक घर सापडलं, किडे पाहिले. गाडीनं एकदाही दगा दिला नाही. निवड अगदी बरोबर होती.

परत आलो तेव्हा दादा मागावर होता. वहिनीनं पाणी दिलं. मी खड्ड्याच्या काठाशी बसलो. "पाह्यला?" त्यानं विचारलं. धोटा चालूच होता.

वाटभर मी उत्तर तयार केलं होतं. "काही नाई रे दादा. अळ्या असतात, कोबीत निघतात तशा. त्याच्यात पाहाण्यासारखं का आहे!"

"मंग बरं झालं, मी नाई आलो ते."

बरं झालं म्हणाला. मला वाटलं होतं, हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटेल. माग खडखडत राहिला. काठाची दोन-तीन बोटं विणून झाल्यावर त्यानं खाली मान घालूनच विचारलं, "खाताना आवाज येते म्हणे त्याइचा?"

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सांगू लागलो. आढ्यापर्यंत रचलेल्या टोपल्या, हिरवा ओला वास, घरातल्या बाईनं ओठांवर बोट ठेवून मला जमिनीवर बसवलं ते. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग वाटलं, बाहेर सुक्या पाचोळ्यावरून कोणी येतंय. मी उठून दारात गेलो, बाहेर कोणीच नव्हतं. पुन्हा आत येऊन बसलो तेव्हा कळलं, सगळं घरच खात होतं. माणसांनी श्वास धरून ठेवलेला आणि चारी बाजूंनी तो बारीक कुरतडण्याचा आवाज. तिथून मला उठवेना, दादा.

दादानं माग थांबवला. विणताना तो आल्यागेल्यासाठी कधी थांबत नसे. धोटा मुठीत धरून त्यानं डोळे मिटले.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "हळू सांग."

मी पुन्हा सांगू लागलो. बोलता बोलता माझी नजर खाली खड्ड्यात गेली. पट्ट्यांवर ठेवलेले त्याचे पाय अजिबात हलत नव्हते.