पहाटे तीन चाळीसचा चोर

सन २००७. अधिक महिन्यातला पहिला रविवार, सकाळचे साडेदहा. स्थळ : कोल्हापूर, आमचं स्वयंपाकघर. हजर : मी, माझी बायको शैला आणि आई. एकूण आकडा : दोन हजार तीनशे सोळा. रुपये नव्हेत. आमच्या फाउंड्रीच्या कॉम्प्युटरमध्ये एका आठवड्यात घुसायचा जो प्रयत्न झाला, त्याची ही बेरीज!

मी आकडा मोठ्यानं वाचला. शैलानं मेथीतून मान वर केली नाही. आईनं मात्र हात जोडले. (आकडा मोठा असला की आई हात जोडते, जपाचा असो की चोरांचा.) ती अनारशांच्या तांदळाचं पाणी बदलत होती. तीन वर्षांनी अधिक महिना आला होता, आणि जावयाला, म्हणजे माझ्या आक्काच्या नवऱ्याला, कुरुंदवाडहून धोंड्याच्या जेवणाला बोलवून तेहतीस अनारसे द्यायचे होते. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. "फुडचा अधिक म्हैना मला गावतोय का न्हाय कुणाला ठावं," हे वाक्य ती दिवसातून चारदा म्हणायची. शेवटच्या रविवारचा बेत ठरला होता.

आता हे चोरांचं खातं माझ्याकडं कसं आलं ते सांगतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी अठ्ठावीस वर्षं हिशेब बघत होतो. गिऱ्हाइकांना कास्टिंगची ड्रॉइंग थेट पाठवता यावीत म्हणून मालकांनी एक कॉम्प्युटर इंटरनेटला जोडून ठेवला होता. तो सांभाळणारा माणूस दुप्पट पगारावर पुण्याला गेला आणि मालकांनी यंत्राच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"मालक, मला त्यातलं काही कळत नाही."

"मला तरी फाउंड्रीतलं कुठं कळतंय? चाललंय की! आकडंच हाईत सगळं त्यात. आकडं म्हंजे तुमचं खातं."

आणि खरंच, आकडेच होते! ते यंत्र रोज एक यादी काढायचं. दाराशी कोण आला, कुठल्या नावानं आला, किती वेळा खोटा पासवर्ड दिला, वाजले किती, आणि चोराचा पत्ता. पत्ता म्हणजे चार आकडे आणि मधे टिंबं. अठ्ठावीस वर्षांत इतकं स्वच्छ रेकॉर्ड मी पाहिलं नव्हतं. चोर स्वतःचा पत्ता ठेवून जातो! मी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, सात रकाने आखले आणि यादी जशीच्या तशी उतरवून घेऊ लागलो. मूळ आकड्याला हात लावायचा नाही, हा माझा बाणा. (हा बाणा लक्षात ठेवा. पुढं तोच मला नडला.)

नुसतं लिहून काय उपयोग? ज्या कंपनीचा पत्ता, त्या कंपनीला मी तक्रार पाठवायचो. फुकट लॉटरी लागल्याची आणि टकलावर केस उगवायची पत्रं कारखान्याच्या नावानं यायची, त्यांच्याही तक्रारी. "आपल्या पत्त्यावरून आम्हांस केशवर्धक औषधाची एक्केचाळीस पत्रे आली. आमच्या कार्यालयात सर्वांना पुरेसे केस आहेत. कृपया बंदोबस्त व्हावा." अशी मुद्देसूद पत्रं मी इंग्रजीत लिहून देशोदेशी धाडली. बहुतेक ठिकाणांहून लगेच आभार यायचे. मी आभारांची वेगळी फाईल केली. एकूण आभार एकशे चार. सही एकाखालीही नव्हती!

माझी आणखी एक सवय इथंच नोंदवतो. कुलूप लावलं की मी पाच वेळा ओढून बघतो. चार वेळा नाही, पाच. एकदा शाहूवाडीच्या लग्नाला निघालो असताना चारदाच ओढल्याचं आठवलं म्हणून मी वऱ्हाडाची जीप अर्ध्या वाटेवरून फिरवली होती. (त्या जीपमधले तिघंजण अजून माझ्याशी बोलत नाहीत.) तर यंत्रालाही तोच नियम. रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, कामावर जायच्या आधी, मी घरच्या कॉम्प्युटरवरून फाउंड्रीच्या यंत्राचं दार चोरासारखं ठोठावायचो आणि पाच वेळा खोटा पासवर्ड द्यायचो. दार उघडत नाही याची खात्री झाली की समाधानानं डबा उचलायचो.

असे दोन आठवडे गेले आणि मला तो सापडला.

बाकीचे चोर अघळपघळ. एकजण चारशे वेळा येणार, दुसरा नऊ वेळा. हा वेगळा! रोज पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी यायचा. पाच वेळा प्रयत्न करायचा. निघून जायचा. पत्ता रोज बदलायचा. पण एकही पत्ता परदेशातला नव्हता, सगळे आपल्याच भागात जोडणी देणाऱ्या इंटरनेट कंपनीचे होते.

"शैला, चोर कोल्हापूरकडचा आहे!"

"मग जेवायला बोलवा."

"थट्टा नको. काय शिस्त आहे बघ त्या माणसाची! मिनिटाचा फरक नाही. असा एक माणूस जरी आमच्या खात्यात असता ना..."

"तर दोन झालं असतं," शैला म्हणाली. तेव्हा मला हे कौतुक वाटलं!

बुधवारी मी रजिस्टर, तीन प्रती आणि टाचण्या घेऊन त्या इंटरनेट कंपनीच्या कोल्हापूरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मॅडमनी तक्रार वाचली आणि चष्मा काढला. "काका, इतकी व्यवस्थित तक्रार मी नोकरीत पहिल्यांदा बघितली." मंगळवारचा पत्ता आणि तीन चाळीसची वेळ त्यांनी कॉम्प्युटरमध्ये घातली. "सापडला. नाव सांगता येत नाही. पण जोडणी तोडते आणि माणूस पाठवून समज देते."

"कडक समज द्या," मी म्हणालो.

शुक्रवारी संध्याकाळी आक्काचा फोन.

"बाळू, अरं तुझ्या दाजींचं इंटरनेट तोडलं रं! वर माणूस येऊन दारात उभं राहून सांगून गेला, तुमच्यावर चोरीची तक्रार हाय! साऱ्या कुरुंदवाडात बोंब झाली!"

दाजींनी फोन हिसकावून घेतला. "पावणं, तीस वर्षं ग्रामसेवकी केली, कागदाला डाग न्हाय! आणि आज न्हावी इचारतोय, भाऊसाहेब, कुठली बँक फोडली? ज्यानं तक्रार केली त्यो समोर येऊन माफी मागत न्हाय तवर मी गावाची वेस वलांडणार न्हाय. धोंडा न्हाय, अनारसं न्हाय, काय न्हाय!"

"कुणी केली असेल हो तक्रार?" हे मीच विचारलं. मनापासून विचारलं.

"कुणी का असंना. कोण तर मंगळवारी पहाटं तीन चाळीसला—"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"दाजी," मी हळूच म्हणालो, "तुम्ही पहाटे तीन चाळीसला झोपलेले असाल ना?"

"झोपतोय कशाला? जागाच असतोय की! रात्री दोन ते आठ इंटरनेट फुकट असतंय. रोज साडेतीनला उठून कुस्त्यांचं व्हिडिओ उतरवून घेतोय."

कबुलीजबाब! मी फोन ठेवला आणि पाटावर बसलो. दाजी! ज्यांनी माझ्या लग्नात चपला सांभाळल्या, ते! आता एकीकडं तक्रार माझी, दुसरीकडं चोर घरचा. आईला कळू द्यायचं नव्हतं, पण आमच्या घरात भिंतींपेक्षा आईला कान जास्त.

"काय म्हणतोस? माझा जावई चोर?"

"आई, रेकॉर्ड आहे. वेळ आहे, पत्ता आहे—"

"चुलीत घाल तुझं रेकाड! त्येला आंब्याच्या झाडावर चढून आंबं काढायचं असलं तरी मालकाला इचारून चढतोय त्यो! त्यो काय चोरतोय तुझ्या लोखंडाच्या कारखान्यात? भट्टी?" आणि तिनं अनारशांच्या पिठाच्या डब्यावर झाकण इतक्या जोरात बसवलं की ते पुन्हा निघेल असं वाटेना. "रविवारी जावई आला न्हाय, तर ह्या पिठाचं मी काय बी करनार न्हाय. अन्नाला बी शिवनार न्हाय."

रविवार नऊ दिवसांवर होता. मी तीन दिवस नीट जेवलो नाही. दाजींना माफी मागायला लावायची का आपण मागायची, हेच ठरेना. मंगळवारी रात्री शैला रजिस्टर घेऊन माझ्यासमोर बसली. मला वाटलं, नवऱ्याच्या अक्षराचं कौतुक करतेय.

"अहो, ह्यो तुमचा चोर सोमवारी येत न्हाय."

"असेल सुट्टी."

"सोमवारी सकाळी आपल्या भागात लाइट नसती."

"त्याचा काय संबंध?"

"बरं. बारा तारखेला चोर आला न्हाय. त्या दिवशी आपण माझ्या मावशीकडं गेलतो. चोवीसला न्हाय. त्या दिवशी तुम्हाला ताप आलता, तुम्ही दहा वाजेपर्यंत झोपला होता." तिनं बोट रकान्यावर ठेवलं. "चोराला बी ताप आलता काय?"

"शैला, तो तीन चाळीसला येतो! मी त्या वेळी घोरत असतो, तूच सांगतेस!"

"घोरता. पण रोज नऊ दहाला च्या गार करून पाच वेळा काय ठोठवत बसता?"

"माझी नोंद यादीत येत नाही. मी पहिल्या दिवशीच बघितलं होतं. नऊ दहाला माझं काहीच नसतं."

"मग का नसतं?"

आता खरं सांगतो. हा प्रश्न मला पहिल्या दिवशीच पडला होता. आणि मी, अठ्ठावीस वर्षं पै-पैचा मेळ घालणाऱ्या माणसानं, त्याचं उत्तर असं काढलं होतं की, कारखान्याचा माणूस ओळखून यंत्र आपल्याला मोजत नसेल! एवढी माया मला मालकांनीही दाखवली नव्हती. ती मी यंत्राकडून गृहीत धरली!

दुसऱ्या दिवशी नऊ दहाला मी मुद्दाम सात वेळा खोटा पासवर्ड दिला. कामावर पोचलो, यादी काढली. वेळ : तीन चाळीस. प्रयत्न : सात.

मी तडक इंटरनेटवाल्या मॅडमकडं गेलो. त्यांनी यादी बघून कपाळावर हात मारला. "काका, तुमच्या यंत्राचं घड्याळ इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या वेळेवर आहे. साडेपाच तास मागं! ही वेळ सकाळी नऊ दहाची. आणि पत्ता म्हणजे घराचा नंबर नसतो हो. लॉजच्या खोलीसारखा असतो. पहाटे एक पाहुणा, तो गेला की सकाळी दुसरा. त्या मंगळवारी पहाटे ती खोली कुरुंदवाडला होती, आणि नऊ दहाला..." त्यांनी कळा दाबल्या आणि स्क्रीनकडं बघत राहिल्या.

"बोला, बोला. नाव सांगता येत नाही, ठाऊक आहे मला," मी म्हणालो.

शनिवारी मी कुरुंदवाडला गेलो. पारावरच दाजी बसले होते, न्हावीही होता, आणखी चौघं-पाचजण. तिथंच सगळं सांगावं लागलं. समोर येऊन माफी मागायची अट दाजींचीच होती. रजिस्टर उघडलं, कुलपापासून घड्याळापर्यंत क्रमानं सांगितलं.

"म्हंजे," दाजी म्हणाले, "तुम्ही तुमच्याच कारखान्यात रोज चोरी करायला जाता, दार उघडत न्हाय म्हणून खूश होता, आणि पकडून देता मला?"

"थोडक्यात असंच."

"आणि त्यो चोर शिस्तीचा हाय म्हणून वर कौतुक?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शैलावैनींचा फोन आलता काल!" आणि दाजी हसायला लागले. हसता हसता त्यांची टोपी पडली ती न्हाव्यानं उचलली. "पावणं, माझी एकच अट हाय. आईनं काय करायचं त्ये करू द्या. तेहतीस अनारसं त्यांचं. पण तुमचं पाच खोटं पासवर्ड माझ्या नावावर पडलं, त्येचं पाच अनारसं येगळं. आणि ते तुम्ही तळायचं!"

रविवारी जावई आला. आईनं झाकण उघडलं, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडले, वर दिवा ठेवला, दाजींना ओवाळलं आणि डोळ्यांना पदर लावून माझ्याकडं बघत म्हणाली, "आता तरी गप बस." माझे पाच अनारसे तळताना दोन तुपात विरघळले. दाजींनी तीनच मोजले आणि दोन बाकी असल्याचं माझ्याच रजिस्टरात, माझ्याच पेनानं, लिहून ठेवलं.

सोमवारी मी पुन्हा मॅडमपुढं उभा होतो. दाजींची जोडणी पुन्हा सुरू करायचे शंभर रुपये भरायचे होते. मी सुटे मोजून दिले. मॅडमनी पावतीपुस्तक उघडलं आणि पेन हवेत धरून थांबल्या.

"काका, पावती तक्रारदाराच्या नावानं करू, का ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या?"

"कशीही करा," मी म्हणालो. "माणूस एकच आहे."