पस्तिसाच्या आतला आकडा

बाभुळगावच्या रत्नप्रभाबाई छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा बाहेर बसायला लागल्या. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. अंगावरून जायला लागलं तेव्हा त्यांना वाटलं, कावळा परत शिवला, आणखी काय! ओसरीत वेगळी सतरंजी, देवघर बंद, स्वयंपाकघर बंद. शेजारच्या वच्छलाबाईंनी थट्टाही केली, "तरणी होऊन राह्यली का वं बाई?" रत्नप्रभाबाई हसल्या. रिवाज पाळला की विचार करायची गरज उरत नाही, हेच तर त्याचं दुखणं. आठ महिन्यांत चार दिवसांचे दहा झाले.

त्यांचे यजमान कमलाकरराव कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. दोन हजार सहा साल. कापसाला भाव नाही, शेतकरी पेटलेला, गाड्यांची रांग पार वेशीपर्यंत. घरी आले की स्वतःच चहा करून घ्यायचे आणि आडवे व्हायचे. माणूस वाईट नव्हता, पण बायकोकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

शेवटी बाई न्हाणीत चक्कर येऊन पडल्या, तेव्हा यवतमाळला नेलं. डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीतला तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. ऑपरेशनची तारीख पडली. त्याआधी रक्ताची एक तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हा आकडा फार चढला तर रोग पिशवीबाहेर गेल्याची शंका घ्यायची. कमी आला म्हणून रोग नाही, असं समजू नका. ऑपरेशन करायचंच आहे." कमलाकररावांनी मान डोलावली.

आकडा आला अठरा. कागदावर छापलं होतं, पस्तिसाच्या आत ठीक. चिमूटभर कापूस ओढून अख्खी गाडी पास-नापास करण्यात ज्याची हयात गेली, तो दुसरं काय म्हणणार?

"पास!" म्हणत त्यांनी पेढे आणले. "आता कायले घाई? सीझन निपटू दे. मार्चमधी करू ऑपरेशन."

खोटं कशाला सांगा, बाईंनाही बरं वाटलं. पेढा त्यांनीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी सतरंजी धुताना पाणी लालच वाहिलं. मग त्या मोरीतच बसून रडल्या. कागदाचा राग आला, नवऱ्याचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा.

ठरल्या तारखेला सकाळी त्या थैली भरून दारात उभ्या राहिल्या.

"कुठं चालली?"

"दवाखान्यात. आकडा कमी आला तरी ऑपरेशन कराचं, असं डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं. तुम्ही ऐकलं नाही."

"अवं, केंद्रावर दोनशे गाड्या उभ्या हायेत!"

"गाड्या उद्याबी येतीन. माह्यं कोण सांगते?"

तेहेतीस वर्षांच्या संसारात त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. कमलाकररावांनी चपला घातल्या.

ऑपरेशन पार पडलं. पुढच्या आठवड्यात काढलेल्या भागाच्या तपासणीचा कागद आला. रोग पिशवीबाहेर एका गाठीत पोचला होता आणि अठराच्या आकड्याला त्याचा पत्ताही नव्हता. आता किरणांच्या उपचारासाठी नागपूर.

"बाई, मार्चमधी आणलं असतं तं?" कमलाकररावांनी विचारलं. डॉक्टरीणबाई नागपूरची चिठ्ठी लिहीत राहिल्या.

"नागपूरले कवा जाचं?" खाटेवरून रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"जखम भरली की लगेच. उशीर करू नका."

"नाही करत. हे आले तं बरं, नाही आले तरी मी जाईन."

कमलाकरराव तोंड फिरवून रडायला लागले. एरवी रत्नप्रभाबाईंनी त्यांची समजूत काढली असती. त्या दिवशी त्यांनी त्यांना रडू दिलं.