नळावरचा टीव्ही

अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत एका उन्हाळ्यात नळ कोरडा पडला, तेव्हा एक बाई आली. तिचं नाव आम्ही विचारलंच नाही. लग्नात शूटिंग करतात तसला कॅमेरा तिने हंड्यांच्या रांगेवर रोखला आणि तो स्टुलावरच्या टीव्हीला जोडला. बोलताना ती सारखी ओढणीने टीव्हीची काच पुसायची.

"बातम्यांत तुमची रांग दिसत नाही ना? इथे दिसेल. उद्या पाणीवाले साहेब बघायला येतायत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर दिसायचं म्हणून सगळी गल्ली नटून आली. रिकामे हंडे राखेने घासून चकचकीत केलेले. आई तर ठेवणीतली महेश्वरी साडी नेसली होती.

साहेबांनी टीव्ही पाहिला. "अरे वा, यहाँ तो सब खुश हैं!" म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

ती वायर गुंडाळू लागली. "रोज येता तसंच यायचं होतं, भाभीजी."

"अहो, टीव्हीवर त्या अवतारात कसं जायचं?" आई म्हणाली.

तिने वायर पिशवीत टाकली आणि ती निघाली. पुन्हा कधी दिसली नाही.

घामाने भिजलेली महेश्वरी धुवायला घरात पाणी नव्हतं. आईने ती तशीच घडी घालून ठेवली.