काकांची घासणी

काका चोवीस हिवाळे रुग्णालयाची गाडी चालवताहेत. डायलिसिसच्या रुग्णांना पहाटे घरून आणायचं, दुपारी परत सोडायचं. थंडीत रस्त्यावर बर्फ, तो वितळावा म्हणून टाकलेलं मीठ, आणि पुढच्या गाड्यांनी उडवलेला राखाडी चिखल थेट दिव्यांवर. म्हणून दर थांब्याला ते उतरतात आणि कोमट पाण्याची बाटली नि भांड्यांची हिरवी घासणी घेऊन दिवे घासतात. हातांना भेगा पडल्यात.

यंदा मात्र त्यांना रस्ता दिसेनासा झाला. गेल्या आठवड्यात, उजाडायच्या आधी, एक सायकलवाला पार बोनेटपाशी आल्यावर दिसला. कुणाला लागलं नाही. पण घरी येऊन काकांनी राजीनामा लिहिला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"डोळे तपासून तरी घ्या," काकू म्हणाली.

"पिकलं पान. त्यात तपासायचं काय?"

राजीनामा द्यायच्या दिवशी, शुक्रवारी, मी त्यांच्यासोबत गेले. पहिल्या थांब्यावर नेहमीच्या मास्तरीणबाई चढल्या. काका वाकून घासत होते.

"अहो, एवढी तर मी माझ्या पोरांची तोंडंही घासली नाहीत!"

"तुम्हाला खड्ड्यात घालायचं नाही ना, बाई."

घासणीखालून खरखर ऐकू येत होती. मी उतरून दिव्यावर बोट फिरवलं. कारखान्यात मी दिवसभर प्लास्टिकचे भाग तपासते. तो खडबडीतपणा लगेच कळला.

"काका, ही काच नाहीये."

"मग काय आहे?"

"प्लास्टिक. तुमच्या जुन्या गाडीला काच होती. ही गाडी आली त्या दिवसापासून तुम्ही हिचे दिवे ओरखडताय."

"सहा वर्षं?" काका हातातल्या घासणीकडे बघत राहिले.

दुपारी गॅरेजमध्ये मी बारीक पॉलिश पेपर ओला करून उजवा दिवा घासला, मग मऊ फडक्याने पॉलिश लावलं. एका दिव्याला तास गेला. शटर ओढलं, भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे लावले. डावीकडे नुसता धुरकट, पिवळट डाग. उजवीकडे लख्ख गोल, आणि त्यात भिंतीची भेग, एक खिळा, खिळ्याला लोंबणारं कोळ्याचं जाळं.

मला वाटलं, काका हसतील.

"जाळं दिसतंय," ते म्हणाले.

"म्हणजे डोळ्यांचा दोष नव्हता. तरी एकदा तपासून घ्या."

"हं." ते पायरीवर बसले. "सोमवारपासून साडेसातपर्यंत झोपणार होतो गं. काकूला सांगूनही झालं."

त्यांनी खिशातला कागद काढला. "यात कारण 'दृष्टी' लिहिलंय. आता ते खोटं ठरेल."

"थकलो, असं लिहा."

"ते काय कारण झालं? थकलेत तर सगळेच. मास्तरीणबाई आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेतात, त्या कुणाला राजीनामा देणार?"

काकांनी कागद उलटा केला, गुडघ्यावर सपाट केला आणि कोऱ्या बाजूला सोमवारच्या रुग्णांची यादी लिहायला घेतली.

"दुसरा दिवा कर," मान वर न करता ते म्हणाले, "आणि ती घासणी काकूला देऊन टाक."