हालीनाचे गुरुवारचे फोन

मी दुबईला निघाले त्या सकाळी बाबांनी माग बंद केले नाहीत. इचलकरंजीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे चार यंत्रमाग होते, आणि लेक परदेशी चालली म्हणून माग थांबवणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. मी दारात उभी राहिले. त्या खडखडाटात आमच्याकडे कुणी ओरडत बसत नाही, ओठांवरून समजून घेतात. बाबांचे ओठ हलले, "पोचलीस की फोन कर." मी मान हलवली. बाहेर भाऊ रिक्षात बॅगा घेऊन घाई करत होता. आई आदल्या वर्षीच गेली होती, त्यामुळे पदर डोळ्याला लावणारं कुणी नव्हतं. मला दुबईतल्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेत रिसर्चची नोकरी लागली होती. गल्लीनं त्याचा अर्थ 'कॅशियर' असा लावला आणि मीही तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा शारजाला इंजिनिअर होता, घर तिथल्याच अल मजाज भागात, एका उंच इमारतीत. तिथे पहिले काही महिने मला झोपच लागेना. नवरा थट्टा करायचा, की लोकांची आवाजानं झोप उडते, हिची आवाज नाही म्हणून. एसी घरघरायचा, पण त्याला ठेका नव्हता. मध्येच माग सुरू झाल्यासारखं वाटायचं आणि मी उठून बसायची. अजूनही कधी कधी तसं होतं.

शुक्रवारी घरी फोन. भाऊ दोन वाक्यं बोलून बाबांच्या हातात रिसीव्हर द्यायचा. मी काहीही सांगितलं तरी बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "बरं हाय सगळं. असंच चालू दे." बढती सांगितली, दिवस गेल्याचं सांगितलं, तरी तेच. मला त्यांनी एकदा तरी 'ये घरी' म्हणावं असं वाटायचं. ते म्हणत नाहीत म्हणजे मी इथेच राहावं अशी त्यांची इच्छा आहे, असं मी धरून चालले.

हालीना आमच्या खात्याची अर्थतज्ज्ञ. युक्रेनच्या पूर्वेकडच्या एका पोलादाच्या कारखान्याच्या गावातली. सरकारी नियोजन संस्थेत ती नोकरीला लागली आणि थोड्याच वर्षांत ज्याचं नियोजन करायचं तो देशच मोडला. हे सांगताना ती हसायची. मग कॅसेट ऐकून इंग्रजी शिकली, एका परदेशी बँकेत दुभाषी म्हणून शिरली, दुसऱ्यांचे ताळेबंद समजावता समजावता त्यातली जाणकार झाली आणि दुबईला आली. सकाळच्या मीटिंगमध्ये ट्रेडर मंडळी तिच्या उच्चारांवर हसायची आणि लगेच पेन काढून तिचं बोलणं लिहून घ्यायची. मला तिनं हाताखाली घेतलं. आकडा आवडला की तो पुन्हा तपास, ही तिची पहिली शिकवण.

एका परदेशी कंपनीला हालीनाच्याच गावचा कारखाना विकत घ्यायचा होता. त्यासाठीचा अहवाल दुसऱ्याकडे देऊ का, असं बँकेनं तिला विचारलं होतं. ती म्हणाली, मला माहीत आहे तेवढं कुणालाच माहीत नाही. ते खरंही होतं. निम्मे विभाग बंद केल्याशिवाय कारखाना तगणार नाही, असं तिनं लिहिलं. तिचे वडील ज्या विभागात यांत्रिक घणाजवळ उभं राहून म्हातारे झाले, तोही त्यात होता. गावच्या वर्तमानपत्रात ते तिच्या नावासकट छापून आलं. विभाग बंद झाले. इकडे तिला खाडीकडे तोंड असलेली केबिन मिळाली.

गुरुवारी ऑफिस दुपारीच सुटायचं. सगळे यल्ला यल्ला करत पसार झाले, की हालीना घरी फोन लावायची. आधी तिची आई बोलायची. अहवाल छापून यायच्या जरा आधीच, हिवाळ्यात ती वारली. मातीला हालीना जाऊन आली तेव्हा वडील तिच्याशी नीट बोलले होते. पण अहवाल छापून आल्यानंतरच्या गुरुवारी त्यांनी पहिल्यांदाच स्वतः फोन उचलला आणि एक शब्द काढला नाही. पुढच्या गुरुवारीही तेच. ती "तातु, तातु" म्हणायची, म्हणजे बाबा, आणि मग एकटीच बोलत राहायची. मला भाषा कळत नव्हती, पण विनवणी कळायला भाषा लागत नाही. थोड्या वेळानं पलीकडून रिसीव्हर हळूच ठेवला जायचा. ती म्हणायची, "खलास," आणि पुन्हा कागद ओढायची.

असं दोन वर्षं चाललं. घरी जायचा तिला धीर होत नव्हता. मला एकदाच म्हणाली, "शिवी दिली तरी चालेल. मला त्यांच्या तोंडून एक शब्द हवाय."

मग एका गुरुवारी फोन शेजारणीनं उचलला. वडील वारले होते. हालीना गावी जाऊन सगळं आटपून परत आली आणि माझ्यासमोर बसली. तिच्या वडिलांना कित्येक वर्षं ऐकूच येत नव्हतं. घणानं कान गेले होते. समोरच्याशी ते ओठांवरून समजून बोलायचे, त्यामुळे तिला कधी कळलंच नाही. गुरुवारी ते फोनवर तळहात ठेवून बसायचे, घंटा हाताला कळायची. मग रिसीव्हर कानाला लावून घड्याळाकडे बघत राहायचे आणि तिचं बोलून झालं असेल अशा अंदाजानं ठेवायचे. उत्तर भलतंच गेलं तर आपल्याला ऐकू येत नाही हे पोरीला कळेल आणि ती फोन करायची थांबेल, असं त्यांनी शेजारणीला सांगितलं होतं.

"आणि अहवालाबद्दल?" मी विचारलं.

"त्याबद्दल ते कुणाशीच कधी बोलले नाहीत."

त्याच वर्षी हालीनाला लंडनला मोठी जागा मिळाली. ती आणखी वर चढली, आता तिचं मत लोक विकत घेतात. कधीमधी तिचा फोन येतो, पण गुरुवारी नाही.

तिनं हे सांगितलं तेव्हा मला कोण आठवलं, हे मागाच्या गावात राहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. त्या शुक्रवारी बाबा फोनवर आले. मी विचारलं, "बाबा, ऐकू येतंय ना?"

"बरं हाय सगळं."

"बाबा, मला परत यायचंय. कायमचं. इथं नाही राहवत मला."

"छान, छान," बाबा आनंदानं म्हणाले. "असंच चालू दे."

इतक्या वर्षांत मी त्यांना जे जे सांगितलं, त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. त्यांनी मला 'राहा' म्हटलं नव्हतं आणि 'ये'ही म्हटलं नव्हतं. भावाला बोलवून सगळं सांगता आलं असतं, पण मग बाबांनी रिसीव्हर पुन्हा हातात धरला नसता. म्हणून मी बोलत राहिले. आईबद्दल बोलले, त्या सकाळी दारातून वळून बघायला हवं होतं तेही बोलले. तिकडच्या घराचं माझ्या वाट्याला आता एवढंच उरलंय, एक म्हातारा माणूस कानाला रिसीव्हर लावून बसलेला असतो आणि माझ्याआधी तो ठेवत नाही.

माझी मुलगी बाजूला येऊन उभी राहिली. "मम्मा, इज आजोबा लिसनिंग?"

"हो," मी म्हणाले, आणि पुढचं सांगायला लागले.