दाजींची बेटं आणि एक टॉवेल-टोपी

जगात काहीही होवो, ते आधी पापुआ न्यू गिनीत होऊन गेलेलं असतं असं मानणारा बीड जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला. अक्का म्हणजे आमची थोरली बहीण, आणि हा माणूस म्हणजे आमचे दाजी. तालुक्याच्या कॉलेजात त्यांनी हयातभर राज्यशास्त्र शिकवलं, पण जीव सगळा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर. तिथं सरकार कसं चालतं, पुढारी कसे तयार होतात, विकास नेमका कुठल्या वळणावर पंक्चर होतो, यावर त्यांनी इतकं लिहून ठेवलंय की अक्कानं गव्हाची कोठी स्वयंपाकघरात हलवून त्या कागदांना खोली मोकळी करून दिली. आणि या माणसानं अजून समुद्र पाहिलेला नाही. पासपोर्ट दोनदा काढला. पहिला कोराच संपला, दुसराही कोराच आहे. पोरं त्यांना 'बेटवाले सर' म्हणायची. सॉलोमन बेटांची राजधानी त्यांच्या विद्यार्थ्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. आपल्याच जिल्ह्यातलं दिंद्रुड कुठल्या तालुक्यात ते विचारू नका.

दाजींचं म्हणणं असं, की तिकडं पुढारी बापाच्या नावावर होत नाही, वाटून होतो. जो जास्त डुकरं कापून गावाला जेवू घालतो तो मोठा, आणि मतं पडतात ती भाषेच्या आणि भावकीच्या गोतावळ्यात. "आपल्याकडं फक्त डुकरं न्हाईत," ते म्हणतात, "बाकी सगळं तेच हाय." नारायणगडाच्या जत्रेत पंगतीला बसले की पंगत कोणाच्या नावची, वाढतंय कोण, पहिलं पान कोणाला, हे वहीत टिपत राहतात आणि आमटी गार होते. एकदा आमच्या उमापुरातले एक दुकानदार आप्पा निवडणुकीला उभे होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, घरात कांदासुद्धा जपून चिरणारे. मत मागायला आमच्या घरी आले, तर पाहुणे आलेल्या दाजींनी अभ्यासाच्या तंद्रीत विचारलं, "आप्पा, तिकडं निवडून यायचं तर आधी डुकरं कापावी लागतात. तुमी काय कापणार?" आप्पा चहा तसाच ठेवून उठले. ते पडले, आणि अजून त्याचा दोष दाजींना देतात.

त्याच निवडणुकीनं आमच्या घरातही माती कालवली. माझा थोरला भाऊ एका पॅनेलमधून उभा होता, आणि मी शहाणा, मित्राच्या नादानं दुसऱ्या पॅनेलच्या ट्रॅक्टरवर बसून अर्धा गाव फिरलो. भाऊ सात मतांनी पडला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. तीन वर्षं. अक्का भाऊबीज दोनदा करायची: सकाळी दहाला मी, दुपारी चारला भाऊ. मधल्या वेळात पाटाभोवतीची रांगोळी पुसून नवी काढायची, कारण माझ्या रांगोळीवर तो बसायचा नाही. मला याची लाज वाटायची, पण पहिला शब्द कोणी बोलायचा यावर गाडी अडलेली.

तिसऱ्या वर्षी दाजींनी मला बोलावून घेतलं. "तिकडं दोन गटांत भांडण झालं की चूक कोणाची ते कोणी विचारत न्हाई. दोघांनी एकाच वेळी एकमेकाला सारखंच द्यायचं अन् संगं जेवायचं. मिटलं."

"काय द्यायचं?"

"डुक्कर."

स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला, "माझ्या दारात डुक्कर आलं तर मी उमापूरला माहेरी निघून जाईन." म्हणून दाजींनी सिद्धांतात दुरुस्ती केली आणि डुकराच्या जागी टॉवेल-टोपी आली.

टॉवेल-टोपीचं आमच्याकडं असं आहे, की लग्न असो, वास्तुशांत असो, रिटायरमेंट असो, माणसाला ती मिळतेच. वापरत कोणीच नाही. ती ट्रंकेत जाते आणि पुढच्या कार्यक्रमाला दुसऱ्याच्या हातात पडते. ज्यानं दिली त्यालाच परत जाऊन फजिती होऊ नये म्हणून टॉवेलाच्या कोपऱ्यात पेनानं देणाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं. आम्हा दोन्ही भावांच्या घरी हे काम अक्काचं.

दाजींनी भाऊलाही तेच सांगितलं, आणि भाऊबीजेला आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी घाईत ट्रंकेतली वरचीच टॉवेल-टोपी उचलून आणली होती. भाऊनं टॉवेल हातात घेतला, कोपरा उलटला. अक्काच्या अक्षरात लिहिलं होतं, 'भाऊकडून'. माझ्या वास्तुशांतीला त्यानंच दिलेला.

"माझंच मला देतो का बे?" तीन वर्षांतलं त्याचं माझ्याशी हे पहिलं वाक्य. तो उठला, एक पाय चपलेत घातला. अक्का ओवाळणीचं ताट घेऊन तशीच उभी. मला वाटलं, संपलं, आता ही बिचारी जन्मभर दोन रांगोळ्या काढणार.

दाजी मात्र हरखून गेले होते. "भाऊ, थांबा. तिकडं शिंपल्यांचे हार असतात. एका बेटावरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. कोणी घरात ठेवत न्हाई, ठेवला तर लोक नावं ठेवतात. अन् वर्षांनी तोच हार फिरून आपल्या दारात आला, तर समजायचं, मधली सगळी माणसं अजून धरून हायत. लई मोठा मान असतो तो."

भाऊ एका चपलेवर उभा. "परत येणं चांगलं?"

"त्याच्यासाठीच तर देतात."

भाऊनं चपलेतला पाय काढला. मग त्यानं मला द्यायला आणलेल्या टॉवेलाचा कोपरा हळूच उलटून पाहिला आणि माझ्यासमोर धरला. तिथं माझं नाव होतं. आधी अक्का हसली, मग पदर डोळ्याला लावला. तिनं आम्हा दोघांना एकाच निरांजनानं ओवाळलं. दाजी जेवायचे राहिले; ते वहीत लिहीत होते.

त्यातला एक टॉवेल अक्कानं सरळ वापरायला काढला. दुसरा टोपीसकट दर भाऊबीजेला भाऊकडून माझ्याकडं, माझ्याकडून भाऊकडं असा फिरत राहिला; कोपऱ्यात आता दोघांचीही नावं, आणि मधलं वर्षभर मुक्काम अक्काच्या ट्रंकेत.

मागच्या साली दाजींना तिकडच्या एका प्राध्यापकाचं बोलावणं आलं. बरीच वर्षं दोघांचा पत्रव्यवहार होता. पण दाजींचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं. दाजींनी दोन दिवस वही उघडली नाही. तेव्हा भाऊच म्हणाला, "दाजींना जाता येत न्हाई तर टॉवेल जाऊ द्या." अक्कानं आमच्या नावांखाली तिसरं लिहिलं, 'यांच्याकडून', आणि आम्ही दोघं भाऊ एका मोटरसायकलवर बीडच्या पोस्टात जाऊन पार्सल करून आलो.

दोन महिन्यांनी फोटो आला. मागं निळंशार पाणी, पुढं पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, डोक्यावर आमची टोपी, खांद्यावर टॉवेल. दाजींनी फोटो मोठा करून टॉवेलाचा कोपरा बराच वेळ पाहिला. मग पाणी पाहिलं.

"पोचला," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "आता फिरून येईपर्यंत तुमी दोघांनी भांडायचं न्हाई."

आम्ही भांडत नाही. अक्काच्या ट्रंकेत त्या टॉवेलाची जागा मोकळी होती, तिथं दाजींनी आपला कोरा पासपोर्ट नीट ठेवून दिलाय.