सज्जातली बाकं

जुनं संगीत सभागृह हिंडून दाखवणारे साहेब कमानींवर बोलले, रंगीत काचांवर बोलले, पुढच्या मखमली खुर्च्यांवर तर बोलतच राहिले. वरच्या सज्जाचं नावही नाही. स्वस्त तिकीटवाल्यांसाठी तिथे लाकडी बाकं, आणि चढायला मागच्या गल्लीतून वेगळा जिना. पुढच्या दाराने त्यांनी यायचंच नाही! माझं डोकं फिरलं. मावशीचं नाही. तरुणपणी ती गाणं ऐकायला तिथेच बसायची.

"चल, माझी जागा दाखवते," म्हणत ती जिना चढलीसुद्धा.

वर शांत होतं. बाकावरून हात फिरवत ती म्हणाली, "गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा गं इथे."

लाकडी छताची गोलाई खालचा आवाज थेट सज्जात आणून सोडते. माणसांसाठी वेगळं दार केलं. आवाजासाठी तसं दार कुणाला करता आलं नाही.

तेवढ्यात खाली रंगमंचावर साहेब सोबतच्या माणसाच्या कानाशी लागले, "दुरुस्तीत वरची बाकं काढून सोफे टाकू. कुणाला पत्ताही लागणार नाही."

मावशी कठड्यावर वाकली आणि आवाज न चढवता म्हणाली, "ऐकू येतंय हो, साहेब."

साहेबांनी सज्जाकडे पाहिलं ते तेव्हाच, पहिल्यांदा.